लांब बाह्यांचा ड्रेस

"नवरीच्या आईसाठी का?" दुकानातल्या बाईंनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता राखाडी, बदामी आणि फिक्या जांभळ्या रंगाचे तीन ड्रेस हातावर घेतलेसुद्धा.

"नाही. नवरीसाठी."

"मग मुलीला बरोबर नाही आणलंत?"

"मुलगी मी आहे. नवरी माझी आई आहे."

बाईंचा हात हवेत तसाच राहिला. मला एव्हाना याची सवय झाली होती. हे वाक्य ऐकलं की दुकानातली माणसं आधी माझ्या वयाचा अंदाज घेत, त्यावरून आईच्या वयाचा, आणि मग एकदम नको इतकी गोड बोलू लागत. या बाई गोड बोलल्या नाहीत. त्यांनी तिन्ही ड्रेस परत जागेवर अडकवले आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. आधी त्यांच्याबद्दल सांगा. कपडा मग बघू."

आता आईबद्दल काय सांगायचं? ती सरकारी इस्पितळाच्या लाँड्रीत होती. जन्मभर. वॉर्डांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे धुऊन, वाफेच्या मोठ्या मशीनमधून काढून, घड्या घालून परत पाठवायचे. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते आणि दादा नुकताच कॉलेजात गेला होता. त्यानंतर आई दोन-दोन पाळ्या करायला लागली. अशाच एका दुसऱ्या पाळीला, डोळ्यांवर झापड आलेली असताना, तिचा उजवा हात मशीनमध्ये ओढला गेला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून निघाली. जखम भरली, पण तिथली त्वचा कायमची चुरगळलेल्या कागदासारखी झाली. लवकरच आई पुन्हा कामावर गेली, त्याच मशीनवर. आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत तिचा उजवा हात पाठीमागे असतो.

म्हणून मला लांब बाह्यांचा ड्रेस हवा होता. उन्हाळ्यातल्या लग्नासाठी लांब बाह्या म्हटलं की दुकानदार हात वर करत.

"आणि रंग? पांढरा चालेल?" बाईंनी विचारलं.

"पांढऱ्याचं नावही काढू नका. ती म्हणते, पांढऱ्याच्या घड्या घालण्यात जन्म गेला, आता अंगावर कशाला?"

बाई पहिल्यांदा हसल्या. "मला भेटायला आवडलं असतं त्यांना," असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या.

आईचा तो फोन आला तेव्हा मी एक्स-रेच्या खोलीत होते. मी परदेशात आले ते याच कामासाठी. ती म्हणाली, "कामात आहेस का? असलीस तर राहू दे. तसं काही नाही. मी लग्न करतेय."

"कोण?"

"मी म्हणजे मीच. हसू नकोस. पंपवाले."

पंपवाले म्हणजे इस्पितळाचे पंप सांभाळणारे मेकॅनिक. मी लहानपणापासून त्यांना काका म्हणत आले. लाँड्रीत पाणी कमी दाबानं आलं की आई पंपघराच्या दारात उभी राहून त्यांचा उद्धार करायची आणि ते निमूट पाना उचलायचे. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. दोघं पाठोपाठ निवृत्त झाले. काका एक दिवस घरी येऊन दारातच म्हणाले, "बाई, घरी बसल्यापासून माझ्यावर कुणी ओरडलं नाही. करमत नाही हो." आईनं त्यांना आत बोलावलं. मग ते रोजच येऊ लागले.

माझ्या मनात तेव्हाच ठरलं, हे लग्न साजरं करायचं. आईचं पहिलं लग्न कचेरीत उभ्या-उभ्या झालं होतं, मावशीचे उसने कपडे घालून, कारण बाबांना दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. मला तळ्याकाठचं सभागृह हवं होतं. पांढरेशुभ्र मेजपोस घातलेली टेबलं नकोत, नाहीतर आई घड्या तपासत बसेल, रंगीत हवीत. ताजी फुलं हवीत, व्हायोलिन वाजवणारी माणसं हवीत. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, शिशाचा जड एप्रन अंगावर तसाच ठेवून, मी फोन करत सुटले.

सभागृहाचे मॅनेजर म्हणाले, "मुलीकडचं कुणी मोठं माणूस बोलेल का?"

"मीच बोलतेय. मुलीची मुलगी."

त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मगच तारीख लिहिली.

आईला मात्र यातलं काहीच नको होतं. "दोन सह्या करायच्या, चार माणसांत जेवायचं, संपलं. एवढा थाट करायला मी काय विशीतली आहे?" मी मनधरणी करून थकले. शेवटी तिचं मन मी नाही वळवलं, दादानं वळवलं. उलट्या बाजूनं.

त्या दिवशी आम्ही तिघं व्हिडिओवर होतो. दादा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, चार माणसांत ऊठबस असते त्याची. तो बराच वेळ घसा खाकरत राहिला आणि म्हणाला, "आई, तू लग्न कर. मी कुठे नको म्हणतोय? पण गुपचूप उरकून टाका ना. मला माझ्या लोकांना काय सांगायचं?"

आई भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"गुपचूप?" ती म्हणाली. "अरे, गुपचूप चोरी करतात. मी तुमच्या फीसाठी कुणापुढे हात नाही पसरला, कुणाच्या घरातली काडी नाही उचलली. या वयात गुपचूप काय म्हणून करू?" मग ती माझ्याकडे वळली, म्हणजे पडद्यावरच्या माझ्या चौकोनाकडे. "काय गं, ते व्हायोलिनवाले म्हणत होतीस ना? किती येतात?"

"दोन सांगितलेत."

"चार सांग."

दादा चौकोनातून नाहीसा झाला. पुढचे बरेच दिवस तो माझाही फोन घेत नव्हता. वहिनी मात्र हळूच फोन करून फुलांचं विचारायची.

दुकानातल्या बाई आतून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक डाळिंबी रंगाचा ड्रेस होता. कुठे चमक नाही, खडे नाहीत, जाळी नाही. सरळ उतरलेला, घोट्याच्या वर थांबणारा, आणि बाह्या पार मनगटापर्यंत. "भरभर चालणाऱ्या बाईसाठी आहे हा," त्या म्हणाल्या. "घेर पायात येत नाही. पण मापाचं काय?"

"माझा बांधा आईचाच आहे."

"मग घाला."

मी तो घालून आरशासमोर उभी राहिले. मला वाटलं होतं, मला मी दिसेन. पण खांदे किंचित पुढे झुकवून, मान ताठ ठेवून जी बाई समोर उभी होती, ती लाँड्रीच्या दारात मला डबा द्यायला यायची तीच होती. तेव्हा ती माझ्याएवढीच असणार. माझ्या वयाची, दोन मुलांची, आणि दिवसभर उभी. बाईंनी मागून माझ्या खांद्यावरची एक सुरकुती तेवढी सरळ केली.

ड्रेस मी सामानात टाकला नाही. विमानात सगळा वेळ मांडीवर धरून बसले.

आईनं खोकं उघडलं, कापड दोन बोटांत धरून चोळलं, उलटी बाजू बघितली, शिवण ओढून बघितली. "कापड चांगलं आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नव्हतं. पण अंगावर घातल्यावर तो खांद्यांतून उतरला. माझं माप आता तिचं राहिलं नव्हतं. ती किती बारीक झाली होती ते व्हिडिओवर कळलं नव्हतं.

"त्यात काय, आमच्या पोरी बसल्यात की," असं म्हणून ती मला लाँड्रीत घेऊन गेली.

तिच्या 'पोरी' म्हणजे पन्नाशीला टेकलेल्या बायका. फाटक्या चादरी शिवायच्या खोलीत त्यांनी मोठं टेबल स्वच्छ पुसलं, त्यावर धुतलेली चादर अंथरली, आणि तो ड्रेस उलटा करून असा पसरला की जसं काही ऑपरेशनच आहे. कुणी टाचण्या लावल्या, कुणी आईला हात वर कर, हात खाली कर असं फर्मावलं. खांदे आत घेतले, कंबर आत घेतली. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या आणि काम बिनचूक चाललं होतं.

"झालं," एक जण म्हणाली. "आता इस्त्री."

"थांब," आई म्हणाली. "बाह्या राहिल्या. इथून काप." तिनं कोपरावर बोट ठेवलं.

मी दचकले. "आई, अगं बाह्या नको कापू! त्या बाह्यांसाठी मी सगळं शहर पालथं घातलं."

"एवढ्या उन्हाळ्यात? का?"

मी आवाज खाली आणून म्हटलं, "तुझ्या हातासाठी."

तिनं आपला उजवा हात समोर धरला आणि तो पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत राहिली. "याच्यासाठी? याला काय झालंय?"

"सगळ्या फोटोंत तू तो हात मागे ठेवतेस."

आई इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. "अगं वेडे, त्या हातात पिशवी असायची! कामावरून तशीच यायचे मी, आणि तुझे बाबा गेल्यावर फोटो काढायचा तो तुझा सख्खा चुलता. म्हणायचा, वहिनी, पिशवी दिसतेय. म्हणून मागे धरायचे."

बायका खो-खो हसायला लागल्या. मीही हसले, पण माझे डोळे भरून आले होते. आईच्या ते लक्षात आलं. तिनं तो चुरगळलेला हात माझ्या गालावर ठेवला.

"या हातानं तुम्हा दोघांना शिकवलंय," ती म्हणाली. "कमाई आहे ही माझी. कमाई कुणी झाकतं का? काप गं."

कात्री चालली. मी शहरभर शोधलेल्या बाह्या चादरीवर पडल्या, आणि खरं सांगते, ड्रेस पहिल्यापेक्षा देखणा झाला.

लग्नाच्या सकाळी तळं शांत होतं. लाँड्री अख्खी आली होती, वॉर्डांतल्या निवृत्त नर्सेस आल्या होत्या, काकांचे पंपघरातले सोबती कडक कॉलर सावरत बसले होते. काका स्वतः पुढे उभे होते. हात इतके घासून धुतलेले की नखं गुलाबी झाली होती. दादा आला होता. वहिनीनं आणला होता म्हणा. शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून.

आईबरोबर कुणीतरी चालत यावं असं ठरलं होतं. मी दादाला विचारलं होतं, त्यानं नकारार्थी मान हलवली होती. मग मी येते म्हटलं, तर आई म्हणाली, "मला रस्ता ठाऊक आहे."

व्हायोलिनवाल्यांनी संथ सूर धरला. दार उघडलं. डाळिंबी ड्रेसमध्ये, कोपरापर्यंतच्या बाह्या, दोन्ही हात मोकळे सोडून, आई निघाली. संथ कसली! वॉर्डात तातडीच्या चादरी पोचवायला निघावं तशी ताड-ताड. चौघा वादकांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट लय वाढवली. लोक उठून उभे राहिले. मी बाजूला उभी होते, आणि मला वाटत होतं की ओरडून सगळ्यांना सांगावं, ही माझी आई आहे.

काका तिला बघून नुसतेच उभे. ती जवळ जाऊन म्हणाली, "बघत काय राहिलात? सही कुठे करायची?"

सह्या झाल्या. जेवणं चालू असताना मॅनेजर पाहुण्यांची विचारपूस करत फिरत होते. ते शेवटच्या टेबलाशी थांबले. "आपण कुणाकडचे, साहेब?"

मी पाठमोरी होते. हातातलं ताट तसंच धरून थांबले.

"नवरीकडचा," दादाचा आवाज आला. थोडा थांबून तो आणखी मोठ्यानं म्हणाला, "मुलगा. थोरला मुलगा."

संध्याकाळी आई काकांच्या घरी गेली. मी आमच्या घरी परतले.

दुसऱ्या दिवशी दुपारचं माझं विमान होतं. सकाळी बॅग भरत होते आणि दाराची बेल वाजली. उघडलं तर बाहेर आई. रोजचे साधे कपडे, केस नीट विंचरलेले.

"किल्ली विसरलीस?" मी म्हटलं.

"नाही, आहे की," ती म्हणाली, आणि पर्सवर हात ठेवला. "पण आता हे घर तुम्हा दोघांचं. वाजवून यावं."

ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिच्याच घरात तिला 'ये' म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

"ये ना, आई. ये. बस."

ती आत आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली, जिथे आमच्याकडे पाहुणे बसायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी आणलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं.