चाळीतली डबी

माझी बायको गिरजा गेल्यापासून कांद्याची चाळ मी एकटाच बघतो. सरकारी माणसं, कॉलेज आणि एका कंपनीने मिळून चाळीत एआयची डबी बसवली. कांदा सडू लागला की ती वासावरून ओळखून मोबाईलवर कळवते.

"अजून कोणाला कळवते?" मी विचारलं.

"फक्त तुम्हाला, काका," कंपनीची सृष्टी हसली.

गिरजा सडका कांदा घमेल्यात भरून, वर गवत टाकून बाहेर न्यायची. शेजाऱ्याला कळलं की व्यापाऱ्याला कळतं आणि तो भाव पाडतो, म्हणायची.

आज मेसेज आला. मी चाळीत पोचतो तोच विंचूरच्या व्यापाऱ्याचा फोन.

"काय दादा, माल काढताय म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"अहो, सहज विचारलं."

मी डबी उपटली, सडक्या कांद्यांसोबत घमेल्यात टाकली आणि वर गवत पसरलं.