वायोमिंगची सोडत

आर्लिस टोलेफसन विस्कॉन्सिनमध्ये शाळेची बस चालवायची. मे महिन्यातल्या त्या दुपारी तिने शेवटचं पोर दारात उतरवलं, बस कडेला लावली आणि फोन उघडला. एल्कच्या शिकारीचा परवाना मिळावा म्हणून ती आणि तिचा थोरला भाऊ डेल्मर अकरा वर्षं वायोमिंगच्या सोडतीत एकाच अर्जावर नाव घालत होते. लागला तर दोघांचा नंबर, नाही तर कुणाचाच नाही. यंदा लागला होता.

तिने तिथूनच त्याला कळवलं. तो हळूच म्हणाला, "म्हणजे आता चढायला शिकावं लागणार, आर्लिस."

खरंच होतं ते. विस्कॉन्सिनमधली हरणाची शिकार म्हणजे मचाणावर बसून थर्मासमधली कॉफी संपवणं. तिकडे उंच डोंगर, विरळ हवा, आणि एल्क म्हणजे सांबरासारखं पण त्याहून दांडगं धूड. पाडलं तर सगळं मांस पाठीवरून खाली आणायचं, एकेका खेपेला तीस-तीस किलो.

गावाबाहेर हिवाळ्यात बर्फावरून घसरायची एक टेकडी होती. उन्हाळ्यात तिच्याकडे कुणी फिरकत नसे. जूनपासून आर्लिस रोज संध्याकाळी मिठाची गोणी पाठीला बांधून ती चढू लागली. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेत उलटी झाली. जुलै संपता संपता ती एका दमात माथ्यावर पोचायला लागली. शनिवारी नेमबाजी, तीही मुद्दाम पळून, धाप लागलेली असताना. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले, त्यामुळे ती उभ्यानेच जेवायची. नवे बूट पायाला सरावावेत म्हणून भांडीही बूट घालूनच घासायची. पंचावन्नाव्या वर्षी आपल्याला सहलीच्या आदल्या दिवसासारखं वाटतंय, याचं तिचं तिलाच नवल वाटे.

डेल्मर म्हणायचा, मी सकाळी चढतो, संध्याकाळचं ऊन मला सोसत नाही. ऑगस्टमध्ये एकदा त्याला सोबत करावी म्हणून ती न सांगता सकाळीच टेकडीवर गेली. पायथ्याशी त्याची गाडी उभी होती. तो आत बसून ताज्या चीजचे तुकडे तोंडात टाकत होता. आणि पाठीवर गोणी घेऊन टेकडी उतरत होती ती त्याची बायको, मर्ना.

आर्लिसला हसू फुटलं, पण भावाचा चेहरा पाहून ते ओठांवरच थांबलं. समोरच्या काचेकडे बघत त्याने सांगून टाकलं. हृदयाची एक झडप नीट चालत नव्हती. डॉक्टरांनी जूनमध्येच चढ बंद केला होता.

"तेव्हाच बोलला असतास तर?"

"तर तू परवाना परत केला असतास."

"केलाच असता, दादा."

"म्हणून नाही बोललो."

तेवढ्यात मर्ना आली आणि तिने गोणी धप्पकन गाडीत टाकली. "मला शिकार जमायची नाही," ती घाम पुसत म्हणाली, "पण ओझं वाहायला परवाना लागत नाही. फोन करून विचारून घेतलंय मी."

"वहिनी, एकेक तंगडी तीस किलोची असते."

"वीस वर्षं वृद्धाश्रमात माणसं उचलतेय मी. ती चावतात. तुझा एल्क निदान मेलेला असेल."

मग त्यांनी बेतच बदलला. डेल्मर खाली रस्त्यालगत दुर्बीण लावून बसेल आणि कळप हेरेल. गाडीत बसायला डॉक्टरांची हरकत नव्हती. आर्लिस नेम धरेल, मर्ना ओझं वाहील. त्या दिवसापासून दोघी नणंदा-भावजया एकत्रच टेकडी चढू लागल्या. मर्ना चढताना गायची, आर्लिसला मात्र गाण्यापुरताही श्वास उरत नसे.

ऑक्टोबरात ते निघाले. दीड दिवसाच्या सपाट रस्त्यानंतर क्षितिजावर डोंगर निळसर उमटले. तळाच्या जागेवर पोचून आर्लिसने गाडी बंद केली. हंगाम परवा उघडणार होता. इतक्यात वरच्या रानातून एक लांब, चिरका सूर आला. आधी शीळ वाटावी, मग हुंकार. नराची साद होती ती. आर्लिसच्या अंगावर सर्रकन काटा आला.

डेल्मरची दुर्बीण केव्हाच डोळ्यांना लागली होती. "डावीकडचा सुळका," तो कुजबुजला. "देवदारांच्या वर. सहा... नाही गं, नऊ आहेत."

मर्नाने सुळक्याच्या उंचीचा अंदाज घेतला आणि बुटाची नाडी आवळली.