उशी की उशीर?

मी एक उशी बोलतेय. पलंगावरची नव्हे, शर्यतीच्या गाडीतली. पलंगावरच्या उशा रात्रभर घोरणं ऐकतात, मी दिवसरात्र इंजिन ऐकलंय. दोन्हींत फारसा फरक नाही, असं ताई म्हणतात.

ताईंनीच मला शिवलं. आत जुन्या सोफ्याचा फोम, बाहेर त्यांच्या यजमानांची, म्हणजे दाजींची तपकिरी पँट. पँटचा एक खिसा अजून माझ्या पोटावर आहे. त्यात दाजी कंगवा ठेवतात. शर्यत पुरी करणाऱ्यांचा फोटो काढतात ना, म्हणून. पण कंगवा बाहेर निघायची वेळ कधी आलीच नाही. आमची गाडी दर वर्षी मध्येच बसायची.

शर्यत चोवीस तासांची. एवढा वेळ एका माणसाला झेपत नाही, म्हणून चालक आळीपाळीने बसतात. आमचे दोन. एक दाजी, दुसरा ताईंचा धाकटा भाऊ, लंबू. मी पाठीशी नसले तर दाजींचे पाय पेडलला पोचत नाहीत. मी पाठीशी असले तर लंबू सीटवर मावत नाही. आणि सीट सरकत नाही, कारण वजन कमी करायच्या नादात आमची गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी तिच्या खालच्या पट्ट्याच काढून फेकल्या. म्हणून दाजी उतरले की ताई मला ओढून काढायच्या, मग लंबू बसायचा.

मिस्त्री चहा पिताना जुन्या गोष्टी सांगत. "पूर्वी गाड्या रस्त्याच्या एका कडेला अन् चालक दुसऱ्या कडेला. झेंडा पडला की धावत जाऊन गाडीत उडी मारायची. कुठे कुठे तर आधी गाडीचं छप्पर हातानं चढवायला लागायचं."

"बरं झालं बंद झालं ते," दाजी म्हणत. "मी पोचेपर्यंत शर्यत संपली असती."

"पण दाजी, खरी गोष्ट तेव्हाही तीच होती. सगळ्यात जोरात कोण, हे नंतर. आधी गाडी टिकवायची."

हे ऐकून सगळे लंबूकडे बघत. लंबू छताकडे बघे. 'सावकाश' हा शब्द त्याच्या कानात शिरतच नसे. शेवटची पाळी त्याची, आणि दर वर्षी त्याच पाळीत धूर.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाजींना बजावलं, ही शेवटची शर्यत. दाजींनी कंगवा धुऊन, पुसून माझ्या खिशात ठेवला. ताईंनी ते पाहिलं.

शेवटची पाळी आली. दाजी उतरले आणि बाकावर मटकन बसले. "अगं, उशी काढ हं."

"काढते हो."

ताई आत वाकल्या. मी निघायच्या तयारीत. पण त्यांनी मला दोनदा थोपटलं, चांगलं आत दाबलं, आणि मागे सरकल्या. "बस रे, चल लवकर!"

लंबू घाईघाईने शिरला. मिस्त्रींनी पट्टे आवळले आणि गाडी सुटली.

मग त्या बिचाऱ्याला कळलं. गुडघे स्टिअरिंगला, हेल्मेट छताला, आणि मान खांद्यावर. सगळा रस्ता त्याला आडवा दिसत होता. जोरात जायची सोयच नव्हती. आमच्या माणसांपाशी आत वळून थांबावं म्हटलं, तर गुडघ्यांमुळे स्टिअरिंग तेवढं फिरेना. निमूट गाईसारखी गाडी चालली होती.

आमच्या माणसांसमोरून जाताना त्याने खिडकीतून बोंब मारली, "उशी! उशीऽऽ!"

"काय म्हणतोय?" दाजींनी विचारलं.

"उशीर, उशीर म्हणतोय," मिस्त्री म्हणाले.

"उशीर कसला? भरपूर वेळ आहे. सांगा त्याला, घाबरू नको."

मिस्त्रींनी फलकावर खडूने लिहून धरलं: 'उशीर नाही. सावकाश ये.'

पुढच्या फेरीला लंबू आणखी ओरडला. फलक आणखी उंच झाला.

"मान वाकडी करून बघतोय हो आपल्याकडे," मिस्त्री म्हणाले.

"माया आहे त्याची," ताई म्हणाल्या आणि ओठ घट्ट मिटून दुसरीकडे बघू लागल्या.

आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो. पण पोचलो! झेंडा आमच्यासाठीही हलला. मिस्त्रींनी इंजिनावर हात ठेवला आणि बघतच राहिले. "ताई, नुसतं कोमट आहे हो!"

लंबूला तिघांनी ओढून बाहेर काढलं. दाजी कंगव्यासाठी मला शोधायला लागले, तर मी सीटवरच. "अगं, ही इथे कशी?"

"अगंबाई! घाईत विसरलेच की हो."

फोटोत दाजींचा भांग एकदम सरळ आहे, डोळे भरलेत. लंबूची मान वाकडी, जणू फोटोवाल्यालाच काहीतरी विचारतोय.

आता गाडी विकली. मी दाजींच्या जेवायच्या खुर्चीत असते. फोमचा भुगा होत आलाय, खिशाची शिवण उसवलीय, पण दाजींचं ताट अजून माझ्यामुळेच त्यांच्या हाताला लागतं. लंबूची मान सरळ झाली, प्रश्न मात्र गेला नाही. दर वेळी आला की विचारतो, "ताई, खरं सांग, खरंच विसरली होतीस?"

"उशीर झालाय रे, जेवून घे."

"उशी म्हणालीस?"

"उशीर म्हणाले, उशीर!"

आणि वाढता वाढता माझ्याजवळून जाताना ताई मला हळूच दोनदा थोपटतात.

तुम्हाला म्हणून सांगितलं. लंबू भेटला, तर तेवढं बोलू नका.