रिकाम्या कणांचा उजेड

"जागा झाला! कण जागा झाला!" कणगुरू ओरडला आणि भाड्याच्या सभागृहातल्या तीनशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकदम करकरल्या.

पडदे ओढलेले होते. टेबलावर पाण्याचा ग्लास. आधी त्याने त्यातून लाल लेझर सोडला, तेव्हा पाण्यात काहीच दिसलं नव्हतं. "मेलेलं पाणी!" असं म्हणून त्याने बाटलीतला थेंब टाकला, ढवळलं आणि पुन्हा लेझर सोडला. ग्लासाच्या या काठापासून त्या काठापर्यंत लाल रेघ झळकली. लोकांनी हात जोडले.

भगवी कफनी वगैरे काही नाही, अंगात पांढरा कोट. हल्ली त्याला जास्त भाव आहे.

"गोळी पोटात जाते नि वाट चुकते. इंजेक्शन तर आंधळं! माझा कण मक्याच्या प्रथिनातून जन्मला, त्याने समुद्री शेवाळाचा डिंक पांघरलाय. तुमच्या रोगाचा पत्ता त्याला तोंडपाठ आहे. सुया फेका, थेंब घ्या!"

मागच्या दारातून आत आलेली आत्या जागीच खिळली. हा खेळ तिचा होता. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. जीवनसत्त्वं आणि औषधं पोटातल्या आम्लातून सुखरूप पुढे नेता येतील का, हे पाहायला ती असेच कण बनवायची. प्रयोगशाळा लोकांसाठी खुली होती त्या दिवशी तिनेच हा लेझर दाखवला होता आणि नमुना म्हणून बिनऔषधाच्या कणांच्या बाटल्या वाटल्या होत्या. पुढच्या रांगेत वही घेऊन बसला होता तो हाच. किती जिज्ञासू माणूस, म्हणून तिने त्याला दोन बाटल्या जास्तच दिल्या होत्या.

आज ती आली होती भाचीसाठी, दादाच्या मुलीसाठी. अकरा वर्षांची पोर, रोजच्या इन्सुलिनवर जगणारी. पहिल्या रांगेत दादाच्या खांद्यावर मान टाकून ती धापा टाकत होती. ओठ फुटलेले, पाण्याची तिसरी बाटली संपत आलेली.

"दादा, सुई शेवटची कधी दिलीस?"

"परवा सकाळी. आता थेंब चालू आहेत."

"ऊठ! हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. इन्सुलिन तुटलं म्हणूनच तोंडाला सडक्या फळांचा वास येतोय!"

"विष बाहेर पडतंय, असं म्हणाले ते. आणि तूच सांगितलंस ना, इन्सुलिन आता तुम्ही कणातून देता, सुई जाणार म्हणून? डोळ्यांनी दिसतंय तरी नाही म्हणतेस?" दादाने पोरीचा हात घट्ट धरून ठेवला.

त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नव्हता. आत्या धावत चहाच्या टेबलाकडे गेली, चमचाभर दूध आणि स्वच्छ पाण्याचा ग्लास घेतला, व्यासपीठावर चढली. त्या ग्लासात दुधाचा थेंब सोडला आणि गुरूच्या हातून लेझर हिसकावला. लाल रेघ तितकीच झळकली.

"हे चहाचं दूध! हेही रोग शोधत जातं का? पाण्यात बारीक कण तरंगत असले की उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो, म्हणून रेघ दिसते. स्वच्छ पाण्यात आपटायला काही नसतं. रेघ दिसली म्हणजे आत कण आहेत, एवढंच. त्या कणात औषध आहे का, ते रक्तात पोचतं का, हे रेघ सांगत नाही!"

"बाईंच्या दुधात प्राण नाही," गुरू म्हणाला, पण त्याचा आवाज चिरकला होता. हळूहळू तो दाराकडे सरकू लागला.

तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. "मग बाई, दुधाचे थेंब दिवसातून किती घ्यायचे?"

दादा मात्र उठला. पोर उठली नाही. दोघांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

कणगुरूला पोलिसांनी धरलं, तेव्हा त्याने जबाबात प्रयोगशाळेचाच पत्ता दिला. आत्याने त्याची बाटली तपासली. कण खरे होते, तिच्याच हातचे, पाणी घालून वाढवलेले. आत इन्सुलिनचा मागमूसही नव्हता. गाडी निघावी आणि आत कोणीच बसलेलं नसावं, तसं.

ती हे सांगायला गेली तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"जेवताना तू म्हणालीस, आम्ही कणातून इन्सुलिन देतो," तो म्हणाला. "कोणाला देता?"

"उंदरांना. अजून फक्त उंदरांना."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

घरात कौतुक चाललं होतं आणि तिला ते आवडलं होतं. बस, एवढंच कारण होतं.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळा पुन्हा लोकांसाठी उघडली. आत्याने आधी दुधाचा ग्लास दाखवला, मग कणांचा. टाळ्या सुरू झाल्या तशा तिने हात वर करून थांबवल्या.

"टाळ्या नकोत, प्रश्न विचारा," ती म्हणाली. "हे कोणावर करून पाहिलं? किती जणांवर? ज्यांना गुण आला नाही त्यांचं काय झालं? उत्तर मिळेपर्यंत चालू औषध एक दिवसही बंद करू नका. बुवाला विचारा, डॉक्टरला विचारा, मलाही विचारा. माझ्या भावाने मला काहीच विचारलं नाही. त्याचा माझ्यावर विश्वास होता."