पालथे ताव

बसा, बसा. घाई असेल तर आत्ताच उठा, कारण ही गोष्ट मधेच तोडलेली मला चालत नाही. दोन बायकांची गोष्ट आहे. हाताने वह्या बनवायच्या, पाकिटं बनवायच्या, पत्राचे कागद बनवायच्या. असं काही ऐकलं की लोकांना वाटतं, अय्या किती छान, गप्पा मारत मारत करत असतील. गप्पा कसल्या! दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि तेही एकाच खोलीत.

एक वहिनी आणि एक तिची नणंद. नणंद वयाने मोठी, लग्न केलं नाही, बापाचं घर सोडलं नाही. वहिनी तिला 'वन्सं' म्हणायची, मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. वन्संचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, या गोष्टीत फारसा नाही. दोघींचा आवाज चढला की त्याला बाहेरून काहीतरी आणायचं आठवायचं. अकरा वर्षांत त्या माणसाने इतक्या वेळा खिळे आणले की घरात ठोकायला भिंत उरली नाही.

खोली तळमजल्याची. खिडकीपाशी वहिनीचा ट्रे, दारापाशी वन्संचं टेबल. पाठीला पाठ. वहिनी रंगीत ताव काढायची. पसरट पत्र्याच्या ट्रेमध्ये डिंकाचं घट्ट पाणी, पेजेसारखं. त्यावर ब्रशने रंगाचे थेंब शिंपडायचे. रंग बुडत नाही, वरच पसरतो. त्यातून कंगवा ओढला की नक्षी उठते. मग कोरा ताव दोन कोपऱ्यांना धरून, आधी त्याचं पोट पाण्याला लावून अलगद टेकवायचा, उचलायचा, साध्या पाण्याने धुवायचा आणि दोरीवर टाकायचा. झाली नक्षी कागदावर. एका वेळी एकच ताव. हुबेहूब तसाच दुसरा निघत नाही, देव खाली आला तरी. वन्सं तो ताव पुठ्ठ्यावर चिकटवायची, आत पानं शिवायची, वही करायची. शिलाई अशी की दोन बाजूंनी दोघांनी ओढली तरी पान सुटायचं नाही.

म्हणजे एकीशिवाय दुसरीचं काही चालत नव्हतं. हे दोघींना ठाऊक होतं, आणि अर्धा राग त्याचाच होता.

त्यांची एक नक्षी फार चालायची. लाटांवर लाटा, आणि मधेच लाट दचकल्यासारखी रिकामी जागा. ती कशी झाली ते ऐका. एकदा वन्संने टोमणा मारला, वहिनीच्या माहेरावरून, दुसरं कशावरून मारणार! वहिनीने हातातला कंगवा ट्रेच्या काठावर असा आपटला की चार दात उडाले. मग त्याच बोळक्या कंगव्याने तिने रागारागात पाणी ओढलं, आणि वर आली ती ही नक्षी. वहिनीने तिचं नाव ठेवलं 'भांडण'. वन्संने गिऱ्हाइकांना सांगितलं 'लहर'.

इथवर ठीक होतं. पण मग वन्सं फोनवर व्हिडिओ टाकायला लागली. 'मला कसं सुचतं' म्हणून. सकाळी केस नीट करून, फोन डिंकाच्या डब्याला टेकवून बसायची आणि आवाजात साखर घालायची.

"मी एकदा ओढ्याकाठी बसले होते. पाणी दगडाला अडून वळत होतं. तेवढ्यात मनात आलं..."

"कुठला ओढा हो वन्सं?" पाठीमागून वहिनी.

"आहे एक."

"गटार ओलांडायचं तर भावाचा हात धरता. ओढ्यावर कधी गेलात?"

"अगं, चालू आहे ते!"

"असू दे की. ऐकू दे लोकांना."

पण लोकांना ओढाच आवडला. माणसाला कंगवा आपटलेला आवडत नाही, ओढा आवडतो. वन्संला ओळखणारे वाढले, आणि एक दिवस मोठ्या दुकानाची मालकीण आली. जाड भिंगाची, तोंडावर बोलणारी. आपण तिला चष्मेवाली म्हणू. तिला वह्या दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवायच्या होत्या. एकच अट. प्रत्येक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर छोटं लेबल लावायचं, त्यावर लिहायचं ही कुणाच्या हातची.

"नाव एकच टाका," ती म्हणाली. "दोन दिसली की गिऱ्हाईक विचारतं, मग केलं नक्की कुणी? शनिवारी येते, काम बघते, तेव्हा सांगा कुणाचं ते."

ती गेली आणि खोलीत ठिणगी पडली.

"विचारायचंय काय त्यात," वन्सं म्हणाली. "लोक मला ओळखतात."

"नक्षी माझी आहे."

"नक्षी! तू ताव बुडवतेस आणि काढतेस. धोबीही तेच करतो. आठ दिवसांत शिकेन मी. आठ कशाला, शनिवारीच दाखवते तिला माझ्या हाताने काढून. शिकायचंय म्हणून माणसं मागे लागलीच आहेत, त्यांनाही बोलावते. आणि तू त्या दिवशी वरच थांब. स्वयंपाकाचं बघ."

वहिनीचा नवरा खिळे आणायला गेला.

वहिनीने ट्रेमधलं पाणी ढवळायला घेतलं. पण धोबी हा शब्द तिच्या आत जाऊन बसला, नखात कुसळ जातं तसा. अकरा वर्षं तिच्या बोटांचा डिंकाचा वास गेला नव्हता. एवढे ताव जगात गेले, कुणाकुणाच्या टेबलावर, कुणाकुणाच्या कपाटात, आणि एका कपट्यावर तिचं नाव नव्हतं. ते तिला हवं होतं. बाकी मोठेपणा नको, बक्षीस नको. दीड बोटाच्या त्या लेबलवर नाव.

आता यातली मेख सांगतो, नीट ऐका. रंग कोऱ्या कागदाला असाच धरत नाही. आदल्या दिवशी कागदाला तुरटीचं पाणी लावून तो वाळवावा लागतो, आणि तेही एकाच बाजूला. तुरटीची बाजू रंग पकडते. दुसऱ्या बाजूवर रंग आल्यासारखा दिसतो, पण धुवायला घेतला की पळतो. वाळल्यावर दोन्ही बाजू दिसायला अगदी सारख्या. वहिनी तुरटीची बाजू खाली करून ताव रचायची, धूळ बसू नये म्हणून. पहिल्यापासून तिची तीच पद्धत. वन्संला तुरटी लावतात हे माहीत होतं. पण ताव पालथे असतात हे माहीत नव्हतं. कसं असणार? अकरा वर्षं पाठ करून बसलेली बाई.

शनिवारी बाराएक माणसं आली. बऱ्याचशा बायका, आणि एक निवृत्त मास्तर, ज्याला घरात कुणी ऐकत नव्हतं म्हणून तो कुठलाही वर्ग असला की जायचा. चष्मेवाली भिंतीला टेकून उभी. वहिनी वर थांबली का? छे. जिन्याच्या दारात उभी राहिली, हाताची घडी घालून.

वन्संने ओढा सांगितला. पाणी वळलं, मनात आलं, सगळं झालं. मग रंग शिंपडले, वहिनीचा बोळका कंगवा उचलला आणि ओढला. खोटं कशाला बोलू, नक्षी बरी उठली. बायका म्हणाल्या, "अहाहा!" वन्संने ढिगातला वरचा ताव घेतला आणि वरची बाजूच तुरटीची समजून, ती खाली येईल असा उलटा करून पाण्यावर टेकवला.

वहिनीला दिसलं. तोंड उघडून एक शब्द म्हणायचा होता फक्त, 'उलटा'. शब्द जिभेच्या टोकावर आला. तिने तो गिळला.

ताव वर आला, रंग सुरेख दिसला. वन्संने तो धुवायला धरला मात्र, आणि सगळा रंग घसरून बादलीत गेला. हातात राहिला एक मळका कागद, पोतेऱ्यासारखा. कुणीतरी हसलं. वन्संने दुसरा घेतला. तोही गेला. तिसरा, चौथा. बादली रंगली, कागद तसेच. मास्तर म्हणाला, "पाणी जड असेल." पाचवा ताव तिने एवढा जोरात आपटला की डिंकाचं पाणी चष्मेवालीच्या चपलेवर उडालं.

मग वन्सं वळली. डोळे लाल.

"हिने केलंय! हिने मुद्दाम कागद बिघडवलेत. माझं चांगलं बघवत नाही हिला. लग्न होऊन आल्यापासून बघवत नाही!"

सगळी खोली दाराकडे बघायला लागली. डब्याला टेकवलेला फोनही तिकडेच बघत होता, चालू.

आता वहिनीपुढे दोनच वाटा. गप्प राहिली तर चोर ठरते. बोलली तर अकरा वर्षं जपलेली मेख बारा अनोळखी माणसांपुढे आणि वर फोनपुढे उघडी होते. ती दोन पावलं पुढे आली, ढिगातला ताव उचलला, खालची बाजू तोंडाशी नेली आणि कोपऱ्याला जीभ लावली.

"मास्तर, इकडे या. चाटा."

"मी?"

"तुम्हीच. वरची बाजू आधी."

मास्तरने चाटलं. "कागदासारखी लागते."

"आता खालची."

मास्तरचं तोंड असं आवळलं की बायका खो खो हसल्या. "तुरटी!"

"कागद बिघडवलेले नाहीत," वहिनी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून मी पालथेच रचते. अकरा वर्षांत यांनी एकदा मान वळवली असती तर दिसलं असतं."

तिने कंगवा वन्संच्या हातातून काढून घेतला. मागितला नाही, काढला. जुना रंग कागदाच्या पट्टीने पुसला, नवा शिंपडला, ओढलं, ताव न उलटता होता तसाच टेकवला, उचलला, धुतला. पाणी गेलं, रंग राहिला. लाटांवर लाटा, आणि मधेच ती दचकलेली जागा.

एक बाई हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं सुचलं हो हे?"

"या बोलल्या आणि मी कंगवा आपटला," वहिनीने वन्संकडे हनुवटी केली. "मला सुचायला दुसरं काही लागत नाही. या खोलीत असल्या की पुरे. ओढाबिढा नाही."

सगळे हसले. चष्मेवाली हसली नाही. चप्पल झटकत तिने विचारलं, "तुम्ही दारातच होतात. त्या ताव उलटा टाकतायत हे तुम्हाला दिसलं नाही?"

आता 'नाही' म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? पण वहिनी तशी सरळ, रागातसुद्धा.

"दिसलं."

"पहिल्याच वेळी?"

"पहिल्याच."

"आणि पाच ताव वाया जाईपर्यंत बोलला नाहीत."

"नाही बोलले. बघत राहिले. बरं वाटत होतं."

बायकांचं हसू तिथेच आटलं. ज्या बाईने कसं सुचलं विचारलं होतं, तिने पिशवी खांद्याला लावली. एकेक करत सगळे उठले, मास्तर तेवढा जीभ चोळत बसून होता. वन्संने फोन बंद केला. बोलली ती एवढंच, "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

चष्मेवाली व्यवहाराची बाई. दाराशी जाऊन म्हणाली, "हात तुमचा आहे. नाव तुमचंच छापा. मला दोघींपैकी कुणाच्या शेजारी राहायचं नाहीये, वह्या विकायच्या आहेत."

असं वहिनीला हवं ते मिळालं. पण कसं मिळालं बघा. तो व्हिडिओ वन्संने टाकला, काही न कापता. तिच्या मनात, वहिनीची छी-थू होईल. झालीही. ओळखीच्या बायका वहिनीला बघून रस्त्याची बाजू बदलायला लागल्या. आणि मेख उघडी पडली ती पडलीच. त्या बारांपैकी तिघी आता घरी ताव काढतात. मास्तरही काढतो म्हणे, चाटून चाटून.

महिन्याने लेबलं छापून आली. वहिनीचं नाव, गोल अक्षरात. आता ती चिकटवणार कोण? बांधणी ज्याची त्याने. म्हणजे वन्संने. वहिनीच्या नावाचा कागद, वन्संच्या बोटांनी, वन्संच्या खळीने, प्रत्येक वहीवर.

वहिनीला खात्री होती, ही डूख धरणार. वाकडं लावणार, सुरकुती पाडणार, नावावर खळ सांडणार. आणि तसं झालं की मग ती बघून घेणार होती. शब्द तयार ठेवले होते तिने, धार लावून. पहिला गठ्ठा तयार झाला तशी पट्टी घेऊन बसली. एकेक वही उलटी करून मोजायला लागली. वरून किती, बाजूने किती. सरळ. दुसरी, सरळ. विसावी, सरळ. सगळा गठ्ठा मोजला. एका लेबलात केसाइतका फरक नाही.

"काय मोजतेस?" वन्संने पाठ न वळवता विचारलं.

"काही नाही."

"मग ठेव खाली. हाताचे डाग पडतील."

वहिनीने गठ्ठा ठेवला. त्या दिवशी तिने काढलेला एकही ताव धड आला नाही.

अजूनही तसंच चाललंय. पाठीला पाठ. प्रत्येक गठ्ठा जायच्या आधी वहिनी पट्टीने मोजते, आणि वन्सं खाली मान घालून चिकटवत राहते, सुईच्या रेषेत. तेव्हा माझं तुमच्याकडे एक काम. कुठल्या दुकानात लाटांची, मधेच दचकलेली वही हाताला लागली, तर जरा उलटी करून मागचं लेबल बघा. आणि कुठे चुकूनमाकून वाकडं दिसलं, तर तेवढं मला येऊन सांगा हो. बिचारी वहिनी वाट बघतेय.