पाणी पिणाऱ्या पाकोळ्या

माझ्या बायकोने शिकताना काढलेले पहिले अकरा टॅटू माझ्या पायांवर आहेत. डाव्या पोटरीवर जहाजाचा नांगर आहे, तो जरा छत्रीसारखा दिसतो. आईला दाखवला तेव्हा ती चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सात पिढ्यांत कुणी शेत नांगरलं नाही, आणि हा पायावर नांगर घेऊन हिंडणार." नांगराखाली एक गुलाब आहे. त्याला फक्त डावीकडे काटे आहेत, कारण उजवीकडचे काढण्याआधी माझा धीर सुटला.

बायको या धंद्यात आली ती तेहेतिसाव्या वर्षी. त्याआधी बारा वर्षं ती गालिच्यांच्या कारखान्यात नमुने काढायची. कारखाना बंद पडल्यावर ती आपली वही घेऊन टॅटूच्या दुकानात गेली. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी वही चाळली आणि उद्यापासून ये म्हणाले. पण मोठं काम काही दिलं नाही. पाठभर ड्रॅगन, दंडभर वाघ, कवटीभोवती साप असली कामं एका उंच, केस बांधलेल्या माणसाकडे जायची. त्याला दुकानात ड्रॅगनवालाच म्हणत. हिच्या वाट्याला मनगटावरची हृदयं, घोट्यावरचे तारे आणि फुलपाखरं. सहा वर्षांत इतकी फुलपाखरं झाली की सगळे तिला फुलपाखरूच म्हणायला लागले.

तिने ते मनाला लावून घेतलं नाही. मला मात्र लागायचं. ती म्हणायची, फुलपाखरू मागणाऱ्या दोन बायकांना एकच फुलपाखरू नको असतं. एकीची मुलगी लहानपणीच गेलेली असते, तर दुसरी नवऱ्याचं घर सोडून आलेली असते. तिसरीला फक्त ते गोड दिसतं, आणि त्यातही काही वावगं नाही. म्हणून ती आधी गप्पा मारायची आणि मग ठरवायची, पंख मिटलेले, अर्धे उघडे की पूर्ण पसरलेले. पक्षी असेल तर त्याचं तोंड कुठे वळवायचं, शरीराच्या आत की बाहेर. बाहेर तोंड केलेला पक्षी अंगावरून पळून चालल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं. भिंतीवरच्या तक्त्यात बोट ठेवून "हे द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर ती अर्धा तास घालवते, अशी उस्तादांची तक्रार असायची.

एका मंगळवारी दुपारी पोहण्याच्या बाई दुकानात आल्या. शहराच्या जलतरण तलावावर त्या पंचवीस-तीस वर्षं शिकवत होत्या, त्यामुळे अर्ध्या शहराला त्या माहीत होत्या. कडक आवाज, आखूड केस, आणि गळ्यापर्यंत चेन ओढलेलं पूर्ण बाह्यांचं जाकीट. आठ वर्षांपूर्वी, त्या बेचाळीस वर्षांच्या असताना, पाणी गार का येतंय हे बघायला त्या तलावाच्या यंत्रखोलीत गेल्या आणि वाफेचा पाइप फुटला. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ भाजली. नऊ महिने दवाखान्यात गेले. त्यानंतर त्या काठावर उभ्या राहूनच शिकवत, जाकीट घालून. स्वतः पोहायच्या, पण पहाटे, तलाव उघडायच्या आधी, एकट्याच. किल्ली त्यांच्याकडेच असायची.

त्यांना पाठ झाकायची होती. हे चौथं दुकान होतं. आधीच्या तिन्ही ठिकाणी सांगितलं होतं तेच ड्रॅगनवाल्यानेही सांगितलं: फिनिक्स घ्या. राखेतून उठणारा पक्षी, तुमच्यासाठी याहून चांगलं चिन्ह नाही, आणि लाल-काळ्या रंगात सगळे व्रण बुडून जातील. मग त्याने पाठ पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. व्रणाची कातडी कुठे फुगलेली, कुठे कागदासारखी पातळ. अशा कातडीत शाई कुठे धरत नाही आणि कुठे टीपकागदावर सांडल्यासारखी पसरते. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की एवढं मोठं काम या पाठीवर बिघडेल, आणि आपण ते करणार नाही. त्यात त्याची काही चूक नव्हती.

बाई चेन ओढून निघाल्या. दाराजवळच्या खुर्चीत बायको सुया मांडत बसली होती. तिने त्यांना सहज विचारलं, तुम्हाला स्वतःला फिनिक्स आवडतो का?

बाई थांबल्या. म्हणाल्या, "मुळीच नाही. मी काही राखेतून भरारी घेतली नाही. मी नऊ महिने पालथी पडून होते. मग बसायला शिकले, मग हात वर करायला. भरारी कसली, रखडपट्टी होती ती."

बायकोने त्यांना खुर्ची दिली. पुढचे दोन तास त्या दोघी बोलत होत्या, असं मला नंतर उस्तादांनीच सांगितलं, आणि तेही कुरकुरत. शेवटी बायकोने विचारलं, पाठीला हात लावू का? डॉक्टर आणि नर्स सोडून आठ वर्षांत त्या पाठीला कुणी हात लावला नव्हता. बाईंनी होकार दिला. बायकोने डोळे मिटून बोटांनी सगळा व्रण चाचपला, मग पारदर्शक कागद पाठीवर ठेवून त्याची एकेक कड, एकेक वळी उतरवून घेतली.

तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे पसरलेला होता. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. तिने त्यावर साप काढून पाहिला, कारण साप कात टाकतो. पण साप पाठीवर वळवळताना बघून कुणाला बरं वाटेल? वेली काढल्या, कमळ काढलं, होकायंत्र काढलं. सगळं खोडलं. तिचं म्हणणं एकच होतं, की या प्रत्येक चित्राखाली व्रण दडवलेला दिसतोय, आणि दडवलेली गोष्टच माणसं आधी शोधतात.

मग तिला खलाशांची पाकोळी आठवली. लांब पंखांचा, कात्रीसारख्या शेपटीचा तो छोटा पक्षी. जुने खलाशी पाच हजार सागरी मैल झाले की छातीवर एक पाकोळी गोंदवत, दहा हजार झाले की दुसरी, अशी त्यांच्यात रीत असल्याचं सांगतात. मला तिने हिशोब करायला बसवलं. अपघातापूर्वी बाई रोज तीन किलोमीटर पोहायच्या, वर्षाचे तीनशे दिवस, बावीस वर्षं. एकूण एकोणीस हजार आठशे किलोमीटर. पाच हजार सागरी मैल म्हणजे नऊ हजार दोनशे साठ. मी दोनदा करून पाहिलं. दोन पाकोळ्या होऊन वर बाराशे ऐंशी किलोमीटर उरत होते. तेही पंचवीस मीटरच्या तलावात, फेऱ्या मारून मारून.

पाकोळ्या कुठे काढायच्या, हा प्रश्न राहिलाच होता. एका रविवारी सकाळी खिडकीतून ऊन कागदावर तिरकं पडलं होतं. बायको हातात कप घेऊन उभी होती. ती एकदम म्हणाली, "हे पाणी आहे."

मला वाटलं, काही सांडलं. मी फडकं आणायला उठलो.

तिने मला बसवलं आणि दाखवलं. व्रणाच्या वळ्या खांद्यापासून कमरेकडे एकामागून एक उतरत होत्या, वाऱ्याने उठलेल्या लाटांसारख्या. पाकोळी पाणी पिते ती उडता उडता. काठावर बसत नाही, पाण्याला घासत जाते आणि चोचीने एक घोट उचलते. मग व्रण झाकायचाच कशाला? तो तसाच ठेवायचा, शाईचा थेंब न लावता. त्याच्या कडेला, चांगल्या कातडीवर, दोन पाकोळ्या, आणि त्यांच्या चोची आणि पंखाची टोकं फक्त त्या पाण्याला टेकलेली.

बाईंनी नमुना हातात घेऊन उजेडाकडे धरला; कोपऱ्यात माझा हिशोबही लिहिलेला होता. मग त्यांनी तो एकोणीस हजार आठशेचा आकडा वाचला आणि विचारलं, हे कुणी मोजलं? माझं नाव सांगितल्यावर म्हणाल्या, बरोबर आहे. आणि पुढच्या आठवड्यापासून सुरू करू म्हणाल्या.

अडून बसले ते उस्ताद. त्यांनी तीस वर्षं या धंद्यात घालवली होती. लोक व्रण झाकायला येतात, तू तो चौकटीत बसवून दाखवतेयस, असं ते म्हणाले. बिघडलं तर बदनामी दुकानाची होणार. बायको एरवी त्यांच्यापुढे वाद घालत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "उस्ताद, सहा वर्षं मी तुम्ही द्याल ते केलं. हे मला करू द्या. बिघडलं तर पुन्हा मोठं काम मागणार नाही." उस्तादांनी हात झटकले, म्हणजे परवानगी दिली.

आधी तिने व्रणाच्या कडेवर चार बारीक ठिपके टोचले आणि तीन महिने वाट पाहिली. तीन ठिपके जागेवर राहिले, एक जरासा फुगला. मग काम सुरू झालं. चार बैठका ठरल्या होत्या. पहिल्या दोन सुरळीत गेल्या. तिसऱ्या बैठकीत, खालच्या पाकोळीच्या पंखाचं टोक पाण्याला टेकवताना, सुई त्या कागदी कातडीत जराशी खोल गेली आणि शाई पसरली. डाळीच्या दाण्याएवढा निळसर डाग.

बायकोने मशीन बंद केलं. डाग पुसून टाकता येत नाही. तिने बाईंना काही न लपवता सांगितलं, चूक झालीय, कुठे आणि केवढी तेही सांगितलं, आणि आरशात दाखवलं. ड्रॅगनवाला आपलं काम टाकून जवळ येऊन उभा राहिला होता.

बाईंनी मान वळवून पाहिलं. "पाण्याला पंख लागला तर पाणी उडणार नाही का?" त्या म्हणाल्या. "पुढे चल."

बायकोने हात धुतले, पाच मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिली, आणि परत येऊन त्या डागाभोवती, चांगल्या कातडीकडे उडालेले सहा-सात थेंब टोचले. आज ते चित्र बघणाऱ्याला सगळ्यात आधी तेच थेंब आवडतात. चौथ्या बैठकीनंतर दोन आरशांमध्ये उभं राहून बाईंनी पाठ पाहिली. त्या रडल्या नाहीत. त्यांनी उजवा खांदा गोल फिरवला, पुन्हा फिरवला, आणि हसायला लागल्या. खांदा हलला की लाटा हलत होत्या, आणि पाकोळ्या पुढे सरकत होत्या.

त्याच वर्षी बाई पन्नाशीच्या झाल्या, आणि पन्नास वर्षांवरच्यांच्या शर्यतीत त्यांनी नाव दिलं. शंभर मीटर. टॅटू भरून आल्यावर त्या दोन महिने भर दिवसा सराव करत होत्या, पण जाकीट काठापर्यंत घालूनच यायच्या आणि पाण्यात शिरताना काढायच्या. आम्हाला चार पास पाठवले होते. बायको, मी, ड्रॅगनवाला आणि उस्ताद, सगळे गेलो. गॅलरी भरलेली होती, त्यात निम्मे त्यांचेच जुने विद्यार्थी, आपापल्या मुलांना घेऊन आलेले.

बाई पाचव्या पट्ट्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं. पोहण्याचा पोशाख मागून कमरेपर्यंत उघडा होता. आठ वर्षं ज्यांनी त्यांना गळ्यापर्यंत झाकलेलं पाहिलं होतं, ते सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होते, आणि बाई मुद्दाम सावकाश टोपी घालत होत्या. माझ्या पुढच्या रांगेत एक लहान मुलगी आपल्या बापाला म्हणाली, "बाबा, ते पक्षी पाणी पितायत." बापाने मान हलवली. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली.

पहिल्या पंचवीस मीटरला बाई तिसऱ्या होत्या. दुसऱ्या वळणावरही तिसऱ्याच. तिथून पुढे त्यांचा उजवा हात, जो वर करायला त्या पुन्हा शिकल्या होत्या, यंत्रासारखा एका लयीत पडायला लागला. शेवटच्या वळणावर त्या दुसऱ्या होत्या. शेवटच्या दहा मीटरांत कोण पुढे हे आम्हाला दिसलंच नाही, कारण सगळेच उभे राहिले होते. फलकावर पाचवा पट्टा सगळ्यात वर आला तेव्हा उस्ताद, वय वर्षं एकसष्ट, बाकावर चढले होते.

बक्षीस घेताना बाईंनी जाकीट घातलं नाही. तिथल्या तिथे त्यांनी हात करून बायकोला खाली बोलावलं. ओल्या हाताने तिचं मनगट धरून तिचा हात वर उचलला आणि त्यांच्या त्या शिट्टीसारख्या आवाजात सांगितलं, "ही पाठ हिने केली." टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. बायकोच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं आणि ती वेड्यासारखी हसत होती.

पुढच्या महिन्यात तिच्याकडे ऑपरेशनचे टाके, भाजलेले हात, कुत्र्याने फाडलेली पोटरी असं काय काय घेऊन माणसं यायला लागली. उस्तादांनी खिडकीजवळची मोठी खुर्ची तिला दिली. ड्रॅगनवाला आता व्रणाचं काम आलं की आधी तिला बोलावतो, आणि ती चाचपून सांगते तसं करतो.

एका गोष्टीत मात्र बाईंनी तिला सोडलं नाही. चार बैठकांत केव्हातरी तिने कबूल केलं होतं की आपल्याला पोहता येत नाही. शर्यतीनंतरच्या सोमवारी सकाळी सात वाजता बाईंनी तिला उथळ बाजूला उभं केलं. मी पायरीवर टॉवेल घेऊन बसलेलो. पहिले दोन आठवडे ती काठाला धरण्यासाठी लावलेली नळी सोडायला तयार नव्हती. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "मी चार वेळा डोळे मिटून तुझ्या सुईखाली पडून राहिले. आता तू पड." बायकोने नळी सोडली. ती उताणी झाली, पाय वर आले, कान पाण्यात गेले, आणि ती तरंगली. मी उठून उभा राहिलो. ती छताकडे बघत, हात पसरून, तलावाच्या मधोमध निघाली होती.