जीभ धरणारा हात

"धरली! जीभ धरली!" असा ओरडा झाला आणि खाणीच्या तोंडाशी जमलेली शेदोनशे माणसं एकदम गुडघ्यांवर आली. मागच्यांना काही दिसत नव्हतं, पण पुढचे वाकले म्हणून तेही वाकले. गर्दीचं असंच असतं. डोळे पुढच्याचे, गुडघे आपले.

मांडवात लाल कापडावर एक भलीमोठी कवटी ठेवली होती. तिच्या कपाळाच्या मधोमध एकच मोठं भोक. आणि कवटीशेजारी बसलेल्या अस्थिबाबाच्या हातात होता एक दगडी हात. मनगटापासून पुढचा, पाची बोटं किंचित मिटलेली. समोर मशीनवाली जीभ बाहेर काढून बसली होती. बाबाने हात हळूच मागे ओढला, तशी तिची जीभही ओढली गेली.

"बघा, बघा! मातीत गेला, दगड झाला, तरी बायकोला ओळखतो! तुमच्यातल्या कुणाला धरतो का? या, लावा जीभ! कलियुगात पुरावा मागतात ना लेकाचे? घ्या पुरावा!"

चारपाच जणांनी जीभ लावली. कुणाचीच धरली नाही. बाया पदराने डोळे पुसू लागल्या.

मशीनवाली म्हणजे घरी शिवणकाम करणारी. नवरा या वाळू-मुरमाच्या खाणीत खोदाईचं मशीन चालवायचा, म्हणून शेजारीपाजारी चेष्टा करायचे, "तुमच्या घरात दोन मशीनं, भांडलात तर ऐकू कसं येतं हो?" आठवड्यापूर्वी खाणीचा कडा ढासळला आणि तो मशीनसकट मातीखाली गाडला गेला. आदल्याच दिवशी त्या कड्यातून ही कवटी आणि हाडं निघाली होती.

कडा ढासळला त्याच संध्याकाळी त्याला काढायला मजुरांनी फावडी उचलली होती हो! पण हा बाबा कुठून उगवला कुणास ठाऊक. "एकडोळ्या राक्षसाची झोप मोडलीत! आता फावडं लावाल तर एकेकाला गिळेल!" मजुरांनी फावडी टाकली. मग त्याने एक दगडी हात उंच धरला, "हा बघा गिळलेला माणूस, दगड झालाय!" दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली, तर लोक रस्त्यात आडवे पडले. खाणीच्या ठेकेदाराने मांडव घातला, सतरंज्या घातल्या, पिण्याच्या पाण्याची सोय केली. मजुरांसाठी एक नळ कधी न बसवणारा माणूस! तेव्हाच कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही.

मशीनवाली रडली नव्हती. "रडलीस तर तो तुला सोडून जाईल," असं बाबाने बजावलं होतं. ती रोज येऊन जीभ लावायची आणि घरी जाऊन शिवायला बसायची. दोरा ओवताना तो ओठांत धरला की जिभेला तीच ओढ जाणवायची. पाठीमागे दारात कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. ती वळायची नाही. वळलं आणि कुणी नसलं तर? खरं सांगायचं तर, हे संपू नये असंच तिला वाटत होतं.

त्या दिवशी तिची मोठी नणंद आली. परगावी शाळेत विज्ञान शिकवणारी, भावासाठी आठवडाभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवून खोदाईचा हुकूम मिळवून आलेली. मांडवाच्या कडेला उभं राहून तिने दोनतीन जणांच्या जिभा लागताना नीट पाहिल्या. मग भावजयीजवळ येऊन बसली.

"पथक रस्त्यावर येऊन थांबलंय. ही माणसं माझं ऐकायची नाहीत, तुझं ऐकतील. तू हो म्हण, बाई."

"कशाला खणायचं, वन्सं? हात तर इथे आहे."

"तो माझ्या भावाचा नाही."

"मला धरतो."

नणंदेचे डोळे रडून सुजलेले होते. मग ती बाबाकडे वळली. "मलाही लावू द्या जीभ."

"लाव, ताई, लाव!" बाबाने बोटं पुढे केली. तिने हात त्याच्याकडून काढून घेतला, उलटा फिरवला आणि तुटलेल्या मनगटाला जीभ लावली. चिकटली!

"रक्ताचं नातं!" बाबा ओरडला. लोकांनी जयजयकार केला.

"असं? मग ठेकेदारसाहेब, आता तुम्ही."

ठेकेदार मागे सरकला. पण गर्दीला मजा हवीच असते. "लावा की, शेठ! घाबरता काय?" मागून कुणीतरी ढकललं. त्याने त्याच मनगटाला जीभ लावली, आणि चिकटली.

"आता बाबा, तुम्ही."

"मी... माझं व्रत आहे."

"जिभेला कसलं व्रत? सकाळपासून नुसती चालूच तर आहे!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मशीनवाली मात्र हसली नाही. तिने तो हात मांडीवर घेतला आणि एका बोटावरून नख ओढलं. नखात पांढरट चुरा आला. तिने तो हुंगला. जाड कापड शिवायचा दोरा ती रोज मेणातून ओढून घेत असे.

"मेण आहे," ती म्हणाली. "बोटांना मेण फासलंय. मनगट तेवढं कोरं. लोकांना बोटांकडून देतात, मला मनगटाकडून."

पुढच्या रांगेतले वाकून बोटं बघू लागले.

नणंदेचा आवाज मऊ झाला. "अगं, नव्या कोऱ्या मडक्याच्या खापरीला जीभ लाव, तीही धरेल. बारीक छिद्रं ओल ओढून घेतात, मेण फासलं की ती बुजतात. सापडलेला तुकडा हाड आहे की नुसता दगड, हे ओळखायला हाडं शोधणारे लोकही कधीकधी जीभ लावून बघतात."

"मग हे हाड कुणाचं?"

"अस्वलाचा पंजा वाटतो मला. कातडी आणि नखं गेली की थेट माणसाच्या हातासारखा दिसतो. पण अंगठा बघ, बाकीच्या बोटांच्या रांगेतच उभा आहे. आपला बाजूला वळतो, म्हणून तर तुला सुई धरता येते. आणि हा राक्षस? हत्ती आहे हा, बाई! तो डोळा नव्हे, नाकाचं भोक. सोंडेला हाड नसतं, ती कुजून गेली. डोळ्यांच्या खाचा या बघ, दोन बाजूंना. दाढ बघ केवढी, गवत दळायची."

"पण दगड कसे झाले?"

"नदीकाठी मेले. कोल्ह्याकुत्र्यांनी ओढून न्यायच्या आत गाळाने झाकले गेले. मांस गेलं, हाडं राहिली. पाणी झिरपत राहिलं आणि त्यातले क्षार हाडांच्या छिद्रांत बसत गेले. काही छिद्रं भरली, काही अजून रिकामी आहेत, तीच जीभ ओढतात. याला जीवाश्म म्हणतात." ती ठेकेदाराकडे वळली. "आणि नदीकाठी मेलेले प्राणी जर या कड्यातून निघाले, तर हा कडा म्हणजे नदीचाच जुना गाळ. भुसभुशीत. तो खालून पोखरत गेलं तर पाडायला राक्षस कशाला हवा?"

सगळ्या माना ठेकेदाराकडे वळल्या. त्याला मशीन वर यायला नकोच होतं. ते कड्याच्या पोटात कुठवर खोदत होतं, हे सगळ्यांना दिसलं असतं.

मशीनवालीने हळूच विचारलं, "दगड व्हायला किती दिवस लागतात, वन्सं?"

"दिवस नाही गं. हजारो वर्षं."

"मग ते अजून..."

"आहे तसाच आहे. मातीखाली. आपला."

ती उठली. पंजा तिने लाल कापडावर ठेवला आणि गर्दीकडे वळून म्हणाली, "बाजूला व्हा."

लोक बाजूला झाले.

दुपारनंतर मशीनची केबिन लागली. छत वाकलं होतं, पण चेपलं नव्हतं. तो सीटवरच होता. पाय लोखंडात अडकून चिरडलेला, आणि त्या पायाला जखमेच्या वर पट्टी बांधलेली. स्वतःचा शर्ट फाडून केलेली, दोन घट्ट गाठींची.

मशीनवालीने ती पट्टी बराच वेळ पाहिली. मग पथकातल्या डॉक्टरांना विचारलं, "मेलेला माणूस पट्टी बांधतो का?"

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही."

"मग किती वेळ जिवंत होते ते?"

"नक्की सांगता येत नाही, ताई. एखादा दिवस. कदाचित जास्तही."

तेव्हा ती रडली. नणंदेच्या गळ्यात पडून, आठवड्याचं सगळं एकदम रडली. बाबा पसार होऊ बघत होता, त्याला मजुरांनी मांडवामागेच धरला आणि ठेकेदारासकट पोलिसांच्या हवाली केला. पण त्याने काय होणार होतं? राक्षस खरा असता तर बरं झालं असतं, सगळं त्याच्या माथी मारता आलं असतं. इथे तर फावडी टाकणारे, रस्त्यात आडवे पडणारे, जयजयकार करणारे सगळे ओळखीचेच होते. आता ते मान खाली घालून उभे होते.

मशीनवालीने पदराने तोंड पुसलं.

"मी इथे जीभ काढून बसले होते, आणि ते आत वाट बघत होते," ती म्हणाली. "मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाही. उद्या कुणी म्हणालं, खणू नका, तर आधी विचारा, का? आणि विचारताना हातातलं फावडं खाली ठेवू नका."